एका जिभेची अट

"दादाचं काही इचारलं तर काय म्हनशील?"

"खडकीला असतो. कारखान्यात."

"ते न्हाई गं. देवळात जातो का, असं इचारलं तर?"

"जातो म्हणेन."

"नुसतं जातो नगं. प्रभुभोजन घेतो म्हनायचं. आन् खाली मान घालून न्हाई, तोंडाकडं बघून."

आईच्या हातात अर्धी सोललेली कोंबडी होती, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की कोंबडीनंतर माझाच नंबर आहे. १९५८ साल, फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. मी अठरा वर्षांची. दुपारी दोन माणसं आमचं घर बघायला येणार होती.

मुलगी बघायला येतात तसं आमच्यात तेव्हा घर बघायला यायचे. फरक एवढाच, की पसंत व्हायचं ते बापाने. माझे वडील शांतवन मकासरे हे खडकमाळच्या मिशन शाळेचे मास्तर आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. उपदेशकाने रविवारची प्रार्थना चालवायची, मयताला माती द्यायची, नवरा-बायकोची भांडणं मिटवायची. पण बाप्तिस्मा द्यायचा आणि येशूच्या आठवणीत घेतात त्या प्रभुभोजनाची भाकर मोडायची ती पाळकानेच, आणि पाळक व्हायचं म्हणजे नगरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, थोरल्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवायला हवेत. बाबांनी बावीस वर्षं उपदेशकी केली. डोक्यावर हात काही आले नव्हते, आणि त्यांनी ते मागितलेही नव्हते.

मागितले ते मंडळीतला यशोबा पारधे गेल्यावर. आदल्या पावसाळ्यात म्हातारा दोन दिवस प्रभुभोजनासाठी जीव धरून होता. नदीला पूर, पाळक पलीकडच्या काठावर अडकलेले. बाबा यशोबाच्या उशाशी बसून राहिले. भाकर होती, द्राक्षाचा रस होता, अधिकार तेवढा नव्हता. "मास्तर, तुमीच द्या की," असं यशोबा शेवटपर्यंत म्हणत होता. त्याला माती दिल्यावर आठ दिवसांनी बाबांनी अर्ज लिहिला.  आमच्या बाबांना आयुष्यात दुसरं काही हवं असलेलं मला आठवत नाही.

आता अडचण. पहिल्या शतकात येशूचा प्रेषित पौल याने आपल्या तरुण सोबत्यांना, तीमथ्य आणि तीत यांना, मंडळ्या कशा सांभाळायच्या याची पत्रं लिहिली. पुढारी कोणाला करावं, कोणाला करू नये, सगळं त्यांत आहे. त्याने दारू पिऊ नये, मारकुटा नसावा, पैशाचा लोभी नसावा, पाहुण्याला जेवू घालावं. आमच्या भागात ही पत्रं नुसती वाचत नसत, ती लावून बघत. पाळक ठरवणाऱ्या समितीची माणसं उमेदवाराच्या घरी जेवायची, मग घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन त्या अटी विचारायची, आणि शेवटी खुद्द उमेदवाराला. त्यात एक अट अशी की त्याची मुलं विश्वासात असावीत. ज्याला स्वतःचं घर राखता येत नाही तो मंडळी काय राखणार, असा त्यातला हिशेब.

आणि माझा दादा, देवदान, नऊ महिन्यांपूर्वी बौद्ध झाला होता.

हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी तिथे होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे खडकीला गेले होते. आदल्या दिवशी त्याचा पांढरा सदरा मीच धुतला, नीळ जरा जास्तच पडली म्हणून त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि वैशाखी पौर्णिमेला त्याच्या वस्तीतल्या शे-दीडशे लोकांबरोबर तो दीक्षेला उभा राहिला तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसून होते. मला रडू आलं आणि त्याचा अभिमानही वाटला. तो एवढंच म्हणाला, "सुवार्ता, देवळात आपण पहिल्या बाकावर बसतो आणि पाणवठ्यावर अजून शेवटी. मला दोन्हीकडे एकच जागा पाहिजे." मग म्हणाला, "बाबांना माझं मी कळवीन. तू मधे पडू नकोस."

मी मधे पडले नाही, पण आईच्या कानावर घातलं. आई म्हणाली, "त्यांना कळता कामा नये. काळीज फुटंल त्यांचं." नऊ महिने झाले. बाबा रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत पूर्वीसारखंच देवदानचं नाव घेत. दादाने काही कळवलेलं दिसत नव्हतं. आम्ही दोघींनी सुटकेचा श्वास टाकला आणि झाकली मूठ तशीच ठेवली.

बाराच्या सुमारास दोन सायकली आवारात शिरल्या. पुढच्या सायकलीवर रेव्हरंड उमाप, नगरचे पाळक. सत्तरीला टेकलेले, भिंगाचा चष्मा, आवाज इतका हळू की माणसाला आपोआप खरं बोलावंसं वाटे. मागच्या सायकलीवर सायमन ओहोळ, शेजारच्या गावच्या मंडळीचे वडील, म्हणजे तिथले पंच. हे गृहस्थ दुसऱ्याच्या ताटातला खडा लांबून ओळखायचे.

"सलाम, मास्तर."

"सलाम, साहेब. या. सलाम, ओहोळकाका."

जेवायला बसल्यावर ओहोळकाकांनी पहिला घास घेतला, रस्सा झकास झालाय म्हणाले, आणि भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे बघत दुसरा घास घेतला.

"थोरला दिसंना कुटं. बापाच्या एवढ्या मोठ्या दिवसाला यायला पायजे व्हता."

"त्याला रजा मिळाली नाही," बाबा म्हणाले.

"न्हाई, आमच्या गावचा एक गडी बी खडकीलाच असतो. म्हनून म्हनलं."

आईच्या हातातून पळी निसटली. बाबा पाहुण्यांना वाढायला उठले. ते स्वतः जेवत नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

जेवणं झाल्यावर लिंबाखाली बाक टाकलं. आधी आईला बोलावलं. ती दहा मिनिटांत परत आली, पदर तोंडावर धरून. "झालं," ती माझ्या कानात म्हणाली. "आता तू बी त्येच सांग. एक शबुद इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

मी बाकासमोर उभी राहिले. उमापसाहेबांच्या मांडीवर ती पत्रं उघडी होती.

"बाळ, वडील घरात रागावतात का?"

"गणित चुकलं की."

ते हसले. ओहोळकाका हसले नाहीत.

"हात उगारतात?"

"कधीच नाही."

"घरात एक आणि देवळात एक, असं बोलतात का? इथे लिहिलंय, मंडळीतल्या सेवकाला एकच जीभ असावी, दोन नसाव्यात."

"बाबा? नाही हो. ते तर कोंबडीला हुसकतानासुद्धा खोटा दगड उगारत नाहीत."

हे अगदी खरं होतं. उमापसाहेबांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी टिपलं. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मला कळलं, आता ते येणार.

"तुझा भाऊ. त्याचा विश्वास कसा आहे?"

"चांगला आहे."

"देवळात जातो?"

"जातो. प्रभुभोजन पण घेतो."

"त्यो सांगतो का तू पाह्यलंस?" ओहोळकाकांनी विचारलं.

इथे मी 'सांगतो' म्हणाले असते तर निभावलं असतं. आईने एक शब्द इकडे-तिकडे नको म्हणून बजावलं होतं. पण मला ओहोळकाकांच्या चेहऱ्यावरचं ते हसू सहन झालं नाही. माझा स्वभावच तसा, आजही आहे. कोणी डिवचलं की मी दोन पावलं पुढेच जाते.

"मी पाहिलं," मी म्हणाले. "मे महिन्यात त्याच्याकडे गेले होते. माझ्या शेजारीच बसला होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

आणि आईने सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. उमापसाहेबांनी ते लिहून घेतलं. "जा, बाळ," ते म्हणाले. "वडिलांना ओसरीवर पाठव."

ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तुरकाठ्यांचा कूड होता, शेणामातीने लिंपलेला. आई आणि मी त्याला कान लावून बसलो. बाबांच्या खुर्चीचा आवाज आला.

आधी बोलले ते ओहोळकाका. "पाळकसाहेब, म्या स्पष्ट सांगतो. आमचा गडी म्हनतो, मास्तरांचा पोरगा तिकडं बौद्ध झालाय."

"तुमच्या गड्याने स्वतः पाहिलं?"

"त्यानं ऐकलंय."

"म्हणजे एकाचं ऐकीव. पुढाऱ्यावर आळ घ्यायचा तर दोन-तीन साक्षी पाहिजेत, हेही याच पत्रात आहे, ओहोळ. इथे उलट दोन साक्षी आहेत. घरातल्या दोघींनी सांगितलंय, आणि मुलीने तर डोळ्यांनी पाहिलंय. शांतवनराव, माझ्यापुरता विषय संपला. मुलगा विश्वासात आहे, एवढं तुम्ही तोंडाने म्हणा, मी सही करतो. पुढच्या महिन्यात नगरला या."

आईने माझं मनगट घट्ट धरलं. 'व्हय म्हना,' ती कुडाला पुटपुटत होती, 'व्हय म्हना, व्हय म्हना.' बाबांना काही ठाऊकच नाही, तेव्हा ते 'हो'च म्हणतील आणि ते खोटंही ठरणार नाही, असं मी मनात मांडून ठेवलं होतं. खोटं आमच्या वाटणीचं, पाळकपद त्यांच्या वाटणीचं. मला तो सौदा पसंत होता.

 ओसरीवर बाबांची खुर्ची मागे सरकली.

"नाही, साहेब," बाबा म्हणाले. "ओहोळकाकांचं खरं आहे."

आईच्या हाताची पकड सुटली.

"देवदानने मे महिन्यात बौद्ध धर्म घेतला. मला त्याने स्वतः पत्राने कळवलं. पत्र शाळेत आलं, जूनमध्ये."

जूनमध्ये! म्हणजे आठ महिने हा माणूस ते एकटाच उराशी घेऊन हिंडत होता, आणि आम्ही त्याच्यापासून ते लपवत होतो.

"मग ह्या दोघी?" ओहोळकाकांचा आवाज चढला. "पोरगी तर म्हनली म्या पाह्यलं! समितीम्होरं खोटं? मंडळीतनं नाव काडतील तिचं."

 ती पोकळ धमकी नव्हती. समितीपुढे खोटी साक्ष देणाऱ्याचं नाव मंडळीच्या यादीतून काढत. मग ना लग्न, ना शाळेतली नोकरी. मिशनच्या शिक्षिका वर्गाला माझं नाव नुकतंच लागलं होतं.

"ती खोटं बोलली नाही," बाबा म्हणाले. शब्दाला शब्द लावत, वर्गात शुद्धलेखन घालतात तसे ते बोलत होते. "मे महिन्यात ती गेली होती त्याच्याकडे. बहीण आली म्हणून तो देवळात गेला असेल. तिने पाहिलं ते सांगितलं. पुढचं तिला ठाऊक नाही. देवदानने बहिणीला त्यातलं काही कळू दिलं नाही, आणि पत्र आल्यावर मीही घरात बोललो नाही. तिच्या आईलाही नाही. काय दोष असेल तो माझा आहे."

 मग उमापसाहेब म्हणाले, "शांतवनराव, तुम्ही 'हो' म्हणाला असता तर मी पुढे काही विचारलं नसतं."

"ठाऊक आहे, साहेब."

"मुलगा परत येईल?"

"घरी म्हणाल तर केव्हाही. दार त्याचंच आहे. तुम्ही म्हणता तसा येईल की नाही, मला सांगता येत नाही. पण जाताना मला न लपवता गेला. तेवढं मी त्याला शिकवलं होतं."

उमापसाहेबांनी प्रार्थना केली. निघताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर, डोक्यावर नव्हे. सायकली गेल्या. कागदावर सही झाली नव्हती.

बाबा आत आले. आई चुलीपाशी रडत होती. मी उभी राहिले आणि तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं होतं मला, सदऱ्यापासून, निळीपासून.

"सुवार्ता," ते म्हणाले, "भाकरी उरलीय का गं? सकाळपासून पोटात काही नाही."

मी भाकरी वाढली. ते जेवले. दुसरी भाकरीही मागून घेतली. मी सांगितलं नाही. तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही नाही. त्यांना वाटतंय आपली लेक निर्दोष आहे, मग एवढं गमावलेल्या माणसाकडून तेही कशाला काढून घ्या, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण भीती. त्यांचा माझ्यावरचा तो विश्वास मला वर्षानुवर्षं खायला उठायचा.

चार वर्षांनी उमापसाहेब पुन्हा आले, या वेळी एकटे आणि एसटीने. मी तोवर बाबांच्याच शाळेत शिक्षिका झाले होते. चहा घेऊन ओसरीवर गेले तेव्हा ते सांगत होते, की समितीने ठराव केलाय, कर्त्यासवरत्या मुलांच्या विश्वासाचा भार बापावर टाकायचा नाही. "देवदानची अट आम्ही बाजूला ठेवली, शांतवनराव. मी मरायच्या आधी मला तुमच्या डोक्यावर हात ठेवू द्या."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, आलं एकदाचं.

"उपकार आहेत, साहेब," बाबा म्हणाले. "पण त्या पत्रातल्या एका अटीत मी बसत नाही."

"अहो, ती काढली म्हणतोय ना!"

"ती नाही."

"मग कुठली?"

"ती माझ्याजवळ राहू द्या."

उमापसाहेब उठले. चहा तसाच ठेवून गेले. मी मात्र भडकले. "एवढा कसला ताठा, बाबा? यशोबाला विसरलात? घरी चालून आलेलं कोणी परत पाठवतं का?" नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा पाचवीचा वर्ग वाट बघतोय." पुढची तेरा वर्षं ते उपदेशकच राहिले. दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या हातून भाकर घ्यायला गुडघे टेकायचे, आणि मी मागच्या बाकावरून बघायची आणि मनातल्या मनात त्यांच्या हट्टाला बोल लावायची.

१९७५ साली ते गेले. दादा आला. पांढरा सदरा घालून त्याने पेटीला पहिला खांदा दिला. कोणी हरकत घेतली नाही; ओहोळकाकांनी तर बाजूला सरून त्याला जागा करून दिली.

तिसऱ्या दिवशी आईने बाबांचं पवित्र शास्त्र माझ्या हातात दिलं. दादा शेजारीच पायरीवर बसला होता. ते आपसूक एका जागी उघडलं, कारण तिथे एक निळं आंतर्देशीय पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. दादाचं अक्षर. जून १९५७. मी वाचायला लागले. आपण काय केलं, का केलं, हे त्याने दीड पानात लिहिलं होतं, आणि शेवटी:

'बाबा, तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहितो. सुवार्ता त्या दिवशी माझ्याबरोबर होती. माझा सदरा तिनेच धुतला. मी गप्प राहायला सांगितलंय म्हणून ती तुम्हाला बोलणार नाही. तिला रागावू नका.'

मी ते पुन्हा वाचलं. मग दादाला विचारलं, "हे तू लिहिलं होतंस?"

"मग? सगळंच लिहिलं होतं." त्याने माझ्याकडे बघितलं. "का गं? काय झालं?"

 मी रडत होते. त्या दुपारी बाबांनी माझी बाजू घेतली तेव्हा मी काय पाहिलंय, काय धुतलंय, सगळं त्यांना ठाऊक होतं. कुडापलीकडे त्यांनी शब्दाला शब्द लावून रचलं ते खोटं होतं. कोंबडीला खोटा दगड न उगारणारा माणूस समितीपुढे, मांडीवरच्या त्या उघड्या पत्रांपुढे, माझ्यासाठी खोटं बोलला होता.

डोळे पुसून मी पान पाहिलं. उजव्या बाजूला तीताचं पत्र सुरू होत होतं. मुलांच्या अटीपाशी कसली खूण नव्हती, रेघ नव्हती. मी मागची पानं उलटली, तीमथ्याच्या पहिल्या पत्रापर्यंत. सेवकाला दोन जिभा नसाव्यात, त्या ओळीखाली पेन्सिलीने पट्टी लावून रेघ मारलेली होती, आणि समासात मास्तरांच्या वळणदार अक्षरात त्याच शनिवारची तारीख: ८ फेब्रुवारी १९५८. कारण लिहिलेलं नव्हतं. माझं नाव तर कुठेच नव्हतं.